विमानांची कोंढाळी

बाबा, तुम्ही किलोमीटर विचारत नाही.
"मधात किती थांबे?" एवढंच विचारता.
छत्तीस वर्षं गणेशपेठ स्टँडवरून
अमरावतीच्या गाड्या सोडल्या तुम्ही.
अंतर टप्प्यांनी मोजायचं
आणि चहा कुठे मिळतो त्यावरून लक्षात ठेवायचं,
हा तुमचा भूगोल.

तर ऐका.
अँकरेजहून सिअ‍ॅटल, साडेतीन तास.
तिथे पाच तास खुर्चीत.
मग दोहा. चौदा तास, दोन जेवणं, बूट घट्ट होतात.
तिथे पुन्हा खुर्ची.
मग नागपूर, चार तासांच्या आत,
दार उघडलं की तव्यासारखी हवा तोंडावर.
एकतीस तास सगळे मिळून.
सतरा हजारांच्या वर किलोमीटर.

"आन् सरळ गेलं तर?"

सरळ कुणी जात नाही, बाबा.
तरी मोजलं मी एकदा, ऑफिसच्या मशीनवर,
रोमेल डबा खायला गेला होता तेव्हा.
नऊ हजार आठशे सत्तर.
पृथ्वीची भाकरी धरली
तर तिच्या काठावरून जेमतेम चतकोर.

"चतकोर तर आहे! मग एवढा फेरा कायले?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं,
म्हणून मी कामाचं सांगितलं:
चीनमधून भरून निघालेलं विमान
शिकागोपर्यंत एका दमात जात नाही,
शंभर टन माल घेऊन इथे उतरतं, तेल पितं,
मी वजनं जुळवते, कागदावर सही करते,
दोन तासांत ते पुन्हा वर.
रात्रंदिवस हेच.

तुम्ही थोडा वेळ गप्प, आणि मग एकदम,
"म्हणजे शरयू, तू विमानांच्या कोंढाळीत राहतेस!"

तेव्हापासून रोमेलही तेच म्हणतो.
मनिलाचा आहे, त्याला ढ जमत नाही, ळ तर नाहीच.
"कोंडाली फुल," म्हणतो, पार्किंग भरलं की.

मे महिन्यात तुम्ही फोन केलात.
तुमची सव्वीस तारीख, माझी अजून पंचवीस.
"बारा वाजून दहा झाले. अंगणात उभा आहो.
पायाखाली पाहून राहिलो.
सावलीच नाही, बाई. चपलेभोवतीसुद्धा नाही."

मी ब्रेक घेऊन बाहेर आले होते.
रात्रीचे दहा चाळीस,
आणि सूर्य खाडीच्या पाण्याला टेकलेला,
बुडू की नको करत.
हिशेब करायला मला मशीन लागलं नाही.
तुमच्या टाळूवर होता तोच हा,
चतकोर अंतरावरून दिसणारा.
त्याच्याकडे तोंड करून उभं राहिलं
की तुमच्याकडेच तोंड होत होतं.
मधात एकही थांबा नाही.

मग मागे वळून पाहिलं.
माझी सावली पार्किंग ओलांडून,
रोमेलच्या लाल ट्रकवर चढून, पलीकडे उतरून
पूर्वेच्या डोंगरांकडे निघाली होती.

"माझी तिकडे तर नाही आली?" तुम्ही हसून विचारलंत.
"आली असेल. इथे एक आहे, एका माणसाची वाटत नाही."
"किती लांब?"
पावलांनी मोजत गेले. पन्नासावर कुंपणाची तार लागली,
ती मात्र तारेतून पुढे गेली.
"पन्नास. पुढे मला परवानगी नाही."
"मग येतानी घेऊन ये."

उन्हात उभे राहू नका, म्हणाले मी,
त्रेचाळीस असेल तिकडे.
"पंचेचाळीस," तुम्ही म्हणालात,
नागपूरकर ज्या अभिमानाने म्हणतात त्याच.

आतून रोमेलची हाक आली. ओसाकाचं उतरलं होतं.
मी दार उघडलं.
सावली उंबऱ्याशी घडी पडल्यासारखी दुमडली
आणि बाहेरच राहिली.